आईच्या मुठीतला हात

ताश-बुलाक, १४ जून २०१५

तोक्तोसुन,

जूमार्त बाइकेच्या मिनीबसमधून हे पाकीट पाठवतेय. आधी पाकीट बघ, दुमडलेलं नाही ना. दुमडलं असेल तर पत्र पुढे वाचू नकोस, आधी जूमार्तला दोन शिव्या घाल, वयाने मोठा म्हणून त्याला बाइके म्हणत असलास तरी. तीनदा सांगितलंय त्याला, सीटखाली टाकू नको, छातीशी ठेव. तर म्हणतो कसा, "बुरुल, तुझ्या भावाला कोणी असं छातीशी धरलं असतं तर तोही आज गावात असता." सगळा गाव हसतो तुला. आईने नाव ठेवलं तोक्तोसुन, 'थांबू दे रे बाबा याला' म्हणून, आणि तू चोवीस वर्षांत एका जागी चोवीस आठवडे थांबला नाहीस.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. रेंज फक्त टेकडीवर, आणि टेकडीवर संध्याकाळी अर्धा गाव कान टवकारून उभा. त्यात सासूबाई पहिल्या. त्यापेक्षा पत्र बरं.

आता कामाचं. सप्टेंबरात आईला जाऊन वर्ष होईल. वर्षाचा आश, तिच्या नावाचं जेवण, २९ ऑगस्टला ठरवलाय. कापायला घोडा बघून ठेवलाय, आजूबाजूची चार गावं जेवायला येणार. त्याआधी कबरीवर दगड उभा राहायला हवा, आईच्या चित्रासकट. दगडाचं तू अंगावर घेतलंयस हे मी सगळ्यांना सांगून बसलेय. मातीला तू नव्हतास. चाळिसावा दिवस उलटल्यावर उगवलास, तोही रशियातल्या कुठल्या खानावळीत भांडी घासून हात सुजलेले. मी तुला काही बोलले नाही, पण लोक बोलले. हा दगड वेळेवर आणि नीट आला तर ती तोंडं बंद होतील. म्हणून हात जोडून सांगते, हे एक काम अर्ध्यावर टाकून कुठे जाऊ नकोस.

फोटो एकच आहे. ओळखपत्रावरचा नको, त्यात आई चोर पकडून आणल्यासारखी दिसते. हा उन्हाळी कुरणावरचा आहे, तिच्या पेटीच्या तळाशी होता. यात ती हसतेय. हसतानाचा दुसरा फोटो नाही. तिच्या शेजारी एक पोरगा उभा आहे, तो काढून टाक. तंबू, घोडे, डोंगर, सगळं काढ. नुसती आई हवी.

सोबत कुरुतची पिशवी आहे, या वेळी दह्याचे गोळे जरा जास्तच कडक वाळलेत. दात सांभाळून खा.

बुरुल


काराकोल, २३ जून

बुरुल एजे,

पाकीट दुमडलेलं नव्हतं. जूमार्त बाइकेने खरोखर छातीशी धरलं असणार, फोटोला त्याच्या घामाचा आणि तंबाखूचा वास येतोय. सासूबाई, गाय, पोरं आणि तुझी पाठ ठीक आहेत असं धरून चालतो. कुरुत संपलं. अर्धं स्तेपान इल्यिचने खाल्लं, उरलेल्या चार दातांनिशी. स्तेपान इल्यिच म्हणजे आमच्या दगडाच्या कारखान्याचा मालक. माझी बहीण तू, म्हणजे तुझं कुरुत त्याचंच, असा त्याचा हिशेब.

उत्तराला नऊ दिवस का लागले ते सांगतो. रविवारी जनावरांच्या बाजारात नुसता बघायला गेलो होतो. तिथे एकाने उंट विकत घेतला होता आणि तो मिनीबसमध्ये चढवायचं चाललं होतं. असं सोडून कोण येईल? मागचं दार काढल्यावर चढला शेवटी, मान खिडकीतून बाहेर. असो.

फोटो मी संगणकात घेतलाय. तुला सांगतो कसं असतं. माणसाच्या कडेकडेने रेघ मारत जायचं, केसाकेसाने, बोटाबोटाने. मग रेघेबाहेरचं नाहीसं केलं की तिथे करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी येतात. चौकटी म्हणजे तिथे काही नाही, आरपार. स्तेपान इल्यिच म्हणतो, ही स्वर्गातली फरशी. नाहीसं करायचे रस्ते दोन. एक पुसायचं, ते गेलं म्हणजे गेलं. दुसरा नुसतं झाकायचं. झाकलेलं दिसत नाही, पण असतं तिथेच. शेजारी डोळ्याचं एवढंसं चित्र असतं, त्यावर टिचकी मारली की परत हजर.

मग काळ्या ग्रॅनाइटवर हिऱ्याच्या टोकाची सुई बसवायची. ती टकटक करत जाते. उजेड असेल तिथे ठिपका, अंधार असेल तिथे दगड तसाच काळा. पण सुईचा संगणक इतका म्हातारा आहे की त्याला आरपार म्हणजे काय तेच कळत नाही. म्हणून आधी चौकटींच्या जागी काळा रंग ओतून सगळं एकजीव थापायचं, मग तिला द्यायचं. "काळ्यावर बसव, मग सुईला दे." हे स्तेपान इल्यिचने माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतलंय की परवा बेकरीत पाव घेताना तोंडून तेच निघालं.

तंबू, घोडे, डोंगर पुसले. आईला गुडघ्यापर्यंत घेतलीय. आता तो पोरगा. सहाएक वर्षांचा असेल, टोपी तिरकी, पुढचा दात पडलेला. आईने त्याचा हात मुठीत धरलाय. आणि एजे, त्याचे कान माझे आहेत. स्तेपान इल्यिचने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "लहानपणीसुद्धा कढईच्या कड्यांसारखेच होते का रे?"

मी आहे का तो? माझा लहानपणीचा एकही फोटो घरात नाही, तू म्हणायचीस गावात कॅमेराच नव्हता. आणि मी असेन तर मला का काढायचं? मातीला नव्हतो. दगडावर तरी असू दे आईजवळ.

तुझा तोक्तो


ताश-बुलाक, १ जुलै

तोक्तो,

हो, तूच आहेस. दुसरं कोण असणार?

आणि म्हणूनच काढायचं. जिवंत माणसाचं चित्र कबरीच्या दगडावर जात नाही, एवढंही तुला कळत नाही? दगडाच्या कारखान्यात काम करतोस ना? वरच्या गावातल्या तुरदूने काय केलं माहितीये ना? बायकोच्या दगडावर स्वतःलाही आधीच कोरून घेतलं, मागाहून पोरांना त्रास नको म्हणून. जन्माचं साल घातलं, पुढे रेघ मारून जागा सोडली. आठ महिन्यांत घोड्यावरून पडला आणि जागा भरली. तेव्हा शहाणपणा करू नकोस. पोरगा काढ.

सासूबाईंनी विचारलं, "तुझा भाऊ पत्रात एवढं काय लिहितो?" मी म्हटलं उंटाचं. त्यांना वाटलं मी तोंडाला लागतेय. दोन दिवस बोलणं बंद आहे. सुख आहे.

तू लोणी मागितलं नव्हतंस, तरी पाठवलंय. स्तेपान इल्यिचला वेगळं बांधलंय, त्यावर त्याचं नाव आहे, नाहीतर तुझंही खाईल.

बुरुल


काराकोल, १३ जुलै

बुरुल एजे,

स्तेपान इल्यिच तुझ्याशी लग्न करायला तयार आहे. तुझा नवरा आणि सासूबाई यांचं काय करायचं ते तू बघ म्हणाला.

मी स्वतःला काढलं. मजेचं काम नाही ते. इतक्या मेलेल्यांना त्यांच्या लग्नांतून, वाढदिवसांतून, मोटारींच्या टपावरून कापून काढलंय. शेजाऱ्याचा हात खांद्यावर राहिला तर तोही काढतो, शिट्टी वाजवत. पण हे जमेना. आईच्या मुठीतून त्या पोराची चार बोटं बाहेर आलीत. एकेक बोट कापलं. चौथ्याला माझ्याच हाताला मुंग्या आल्या.

आता आई एकटी आहे. पण एजे, ती बघतेय खाली, उजवीकडे. तिथे फरशी. मूठ वळलेली, आणि मुठीत काही नाही. आधी वाटायचं आई हसतेय. आता वाटतं ती कोणाला तरी हसतेय, आणि तो कोण ते आपल्याला दिसत नाही.

खरं सांगतो, त्या पोराला मी पुसलं नाही, नुसतं झाकलंय. तंबू-घोडे पुसताना काही वाटलं नव्हतं. स्वतःला पुसायला हात धजेना. दगडावर दिसणार नाही, काळजी करू नकोस.

दोन गोष्टी तुलाच सांगतो, कोणाला बोलू नकोस. मंगळवारी दुपारी वीज गेली. आली तेव्हा संगणक चालू केला, आणि तो उभा होता आईजवळ. डोळा उघडा. मी उघडला नव्हता. स्तेपान इल्यिच म्हणाला वीज गेली की हा डबा काहीही विसरतो. असेल. पण आजवर तो विसरला की काम नाहीसं व्हायचं, माणूस परत यायचा नाही.

दुसरी म्हणजे, मला तो दिवस आठवायला लागलाय. आधी काहीच आठवत नव्हतं. आता चेहरे नाही, पण आवाज येतात. मोटारसायकलचा, साइडकारवाली असते तशी, धडधड. आणि पाण्याचा, खूप जवळून. दोन्ही जाड गोधडीआडून ऐकावेत तसे. होती का तिथे मोटारसायकल?

तोक्तो


ताश-बुलाक, १९ जुलै

तोक्तो,

कुरणावर सतरा मोटारसायकली यायच्या. पाणीही होतं, कुरण नदीकाठीच असतं. त्यात आठवायचं काय? तुला कोणी काही सांगितलं का? जूमार्त बोलला का? खरं लिही.

तो फोटो आता उघडून बसू नकोस. पोराला पुसून टाक, झाकू नकोस. पूस. मग सुईला दे आणि मोकळा हो. दगड २५ ऑगस्टच्या आत गावात यायला हवा, सिमेंट सुकायला चार दिवस लागतात.

घाईत आहे.

बुरुल


काराकोल, ४ ऑगस्ट

एजे,

हे कसं लिहू कळत नाही. जूमार्त बाइके बाहेर हॉर्न वाजवतोय. त्याला म्हटलं थांब, तर म्हणतो प्रवासी माझ्या डोक्यावर बसलेत. तरी लिहितो.

रविवारी सुई लावली. आईचा दगड, पहिल्या प्रतीचा काळा, आरशासारखा. सुई टकटक करायला लागली, आईच्या रुमालाची कड उमटली, सुरेख. सात तासांचं काम. स्तेपान इल्यिच मासे पकडायला गेला होता. मी जागचा हलणार नव्हतो. पण मैदानावर घोड्यांचा खेळ होता, बकऱ्याचं धड पळवायचा, तियुप विरुद्ध काराकोल. म्हटलं अर्धा तास. मग एका घोड्याने सरळ प्रेक्षकांतल्या सरबताच्या गाडीवर उडी घेतली, धड सरबताच्या पिंपात पडलं, दोन्ही गावांत मारामारी लागली. मी कुणाच्याच बाजूने नव्हतो, तरी मला एक पडली.

परत आलो तेव्हा पाच तास झाले होते. दारातूनच ऐकू आलं, सुई चालू आहे. आणि ती दगडाच्या उजव्या अंगाला होती, जिथे काळं राहायला हवं.

एजे, पोरगा उमटला. टोपी, पडलेला दात, कान. चार बोटं आईच्या मुठीत. आईपेक्षा स्वच्छ उमटलाय. आई थोडी धूसर आहे, फोटो जुना म्हणून. पोराची पापणीन् पापणी मोजता येते. आणि आई आता सरळ त्याच्याकडे बघून हसतेय.

मी काळ्यावर बसवलं होतं. शपथ. मला आठवतंय मी काळं ओतलं. स्तेपान इल्यिचने फाइल उघडून दाखवली, काळं नव्हतं. "सगळ्यांनाच आठवतं, बाळा," म्हणाला. पोरगा झाकलेला होता, आणि त्या म्हाताऱ्या डब्याला झाकलेलं कळत नाही. त्याला जे आहे ते सगळं दिसतं. तू म्हणाली होतीस पूस. मी पुसलं नाही.

मग स्तेपान इल्यिच दगडाकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं नव्हतं की तो मी आहे, पण कान त्याला माहीत आहेत. अपशकुन टळावा म्हणून डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकला, लाकूड ठोठावलं, आणि मला घरी जायला सांगितलं. जाताना लाकडाच्या ट्रकने मला घासलं. बाही फाटली. सोमवारपासून ताप आहे.

घासून काढायचं म्हटलं तर घासायचं चाक वीतभर रुंद आहे. पोरगा जाईल, पण आईचा हात, खांदा, अर्धी छाती त्याच्याबरोबर जाईल. नवा दगड सप्टेंबरच्या मध्यात येणार. आश २९ ला.

तुरदूचं तूच लिहिलंस. आठ महिने. मी गंमत म्हणून बोटांवर मोजले, एप्रिल येतो. हसू नकोस. त्या दगडाजवळ मला उभं राहवत नाही. मी निघतोय. अल्माटीला एक जण टाइल्सच्या कामाला माणसं घेतोय. तुझ्या उत्तराची वाट बघतो, जूमार्तच्या पुढच्या फेरीपर्यंत, बस. त्यानंतर दगडाचं काय करायचं ते स्तेपान इल्यिचला सांग. मला माहितीये गावात काय म्हणतील. पुन्हा पळाला म्हणतील. म्हणू दे.

तोक्तो


ताश-बुलाक, १० ऑगस्ट

तोक्तोसुन,

जाऊ नकोस. हे पत्र संपेपर्यंत जाऊ नकोस. जूमार्तला सांगितलंय, तू वाचून होईस्तोवर तुझ्यासमोर बसून राहा, प्रवाशांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे.

तो तू नाहीस.

तू कान म्हणालास आणि मला पळवाट मिळाली. कान अताचे आहेत, बापाकडून तुम्हा दोघांनाही मिळाले. तो आपला भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तुझ्याहून मोठा. त्याचं नाव एसेन. हे मी पंचवीस वर्षांनी लिहितेय. लिहून बघत बसले होते, तेवढ्यात सासूबाई आल्या, मी कागदावर परात ठेवली.

तुला सांगितलं होतं की तुझ्याआधी दोन बाळं जन्मताच गेली म्हणून तुझं नाव असं. बाळं नव्हती गेली. सहा वर्षांचा धडधाकट मुलगा गेला.

ऐक. १९९० चा ऑगस्ट. कुरणावर फोटोवाला आला, साइडकारच्या मोटारसायकलवरून. तंबू-तंबूंतून फिरत होता. आईचा आणि एसेनचा काढला. एसेन तिला ओढत होता, "अजून एक काढ, घोड्यावर काढ," म्हणून ती हसतेय. माझाही काढणार होते. मी म्हटलं थांबा, वेणी घालते. मी दहा वर्षांची होते, मला चाळीस वेण्या हव्या होत्या, बायका लग्नात घालतात तशा. आई म्हणाली, "मी घोडीचं दूध काढून येते, याच्याकडे लक्ष ठेव." फोटोवाला कंटाळला आणि निघाला. मोटारसायकलचा आवाज ऐकून एसेन त्याच्यामागे पळाला, आपला घोड्यावरचा राहिला म्हणून. फोटोवाला पुलावरून गेला. एसेन जवळच्या वाटेने, पाण्यातून. माझी अकरावी वेणी चालली होती. मी आरशातून त्याला जाताना बघितलं आणि बारावी घातली.

सापडला नाही. अता आणि गावातले पुरुष अकरा दिवस नदीकाठाने खाली खाली गेले. टोपीसुद्धा नाही. म्हणून त्याची कबर नाही.

फोटो सहा आठवड्यांनी आला. फोटोवाल्याला काहीच माहीत नव्हतं. आईला म्हणाला, "पोरगा गोड आलाय हं," आणि पैसे मागितले. आईने दिले. पेटीच्या तळाशी ठेवला तो.

ऑक्टोबरात तू झालास. आईने त्या दिवशी सगळ्यांना घरातून बाहेर काढलं, मला जवळ बसवलं, आणि म्हणाली, "याला कधी कळू द्यायचं नाही. आधी एक होता हे याला कळलं तर हाही त्याच्यामागे जाईल. पोरं पोरांच्या मागे जातात." मी कुराणावर हात ठेवला. अताने, शेजाऱ्यांनी, सगळ्या गावाने तोंड मिटलं. तुझ्यासमोर कोणी 'एसेन' म्हटलं नाही, इतकं की त्या नावाचा दुसरा एक मुलगा होता त्यालाही वेगळ्या नावाने हाक मारायला लागले. आई मला कधी एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझे केस कापले आणि पुन्हा कधी वाढवू दिले नाहीत.

तू मोटारसायकलचं आणि पाण्याचं लिहिलंस तेव्हा वाटलं तोच तुला सांगतोय. तरीही खोटं बोलले. आईचा शब्द म्हणून, असं स्वतःला सांगत होते. खरं असं आहे की मला तो दगडावर नको होता. दर वर्षी, दर ईदला, कबरीवर गेलं की तो माझ्याकडे बघणार. आरशातून बघितला होता तसा.

पण तू स्वतःला कबरीवर समजून महिने मोजत फिरशील, आणि मी गप्प राहीन, हे होणार नाही. आईचा शब्द मोडला. त्याचं जे काही असेल ते माझ्यावर येऊ दे, तुझ्यावर नको.

दगडाचं तू ठरव. घासायचा तर घास, अर्धी आई चालेल. तसाच आणायचा तर आण. मला विचारू नकोस, मी काहीही सांगितलं तरी स्वतःसाठीच सांगेन.

फक्त पळू नकोस. आई म्हणाली होती पोरं पोरांच्या मागे जातात. तू जिथे जिथे गेलास, रशियात, अल्माटीत, प्रत्येक वेळी मी टेकडीवर उभी राहून हेच म्हणायचे, हा त्याच्यामागे तर नाही ना निघाला.

बुरुल


काराकोल, १९ ऑगस्ट

बुरुल एजे,

जूमार्त बाइके समोर बसून राहिला. प्रवासी बोंबलले, मग एकेक करून आत आले आणि स्तेपान इल्यिचचा चहा प्यायले. एक म्हातारी दगडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मायलेकरं गोड आहेत." मग जूमार्त बाइके म्हणाला, "एसेन तो." एवढंच. त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी रोज ज्यांच्या घरी जेवलो त्या सगळ्यांना.

मला राग यायला हवा होता. दोन दिवस प्रयत्न केला. तळ्यापर्यंत चालत गेलो, अल्माटीची मोटारही बघून आलो, तीत जागा होती. बसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेच जावंसं वाटेना. ते चांगलं की वाईट ठरवता येईना, म्हणून परत आलो. ताप उतरलाय.

मग शनिवारी दिवसाउजेडी दगडासमोर स्टूल घेऊन बसलो. बघ, इतके दिवस मी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होतो, स्वतःच्या प्रेताकडे बघावं तसं. आता नीट बघितलं. तो माझ्यासारखा दिसतच नाही, कान सोडले तर. त्याची हनुवटी तुझी आहे. पाय पळायच्या बेतात आहेत, एक टाच उचललेली. आई हसतेय, पण मूठ घट्ट आहे, बोटांची पेरं पांढरी पडलीत. मी कापलं तेव्हा मला वाटलं होतं तिने त्याला सहज धरलंय. सहज नाही धरलेलं. तुझ्यावर सोपवण्याआधी तिला माहीत होतं हा पळणारा आहे. एजे, तू दहा वर्षांची होतीस आणि त्याला धरून ठेवायला मोठ्या बाईला पेरं पांढरी करावी लागत होती.

दगड घासणार नाही. अर्धी आई मला चालणार नाही. आणि त्याला कबर नाही म्हणालीस ना, मग आता आहे. स्तेपान इल्यिचने हाताने नाव कोरायला घेतलंय, सुईने नाही, छिन्नीने. एसेन, १९८४ ते १९९०. पैसे घेणार नाही म्हणाला, तुझ्या लोण्याचे फिटले. मौलवींना सांगून ठेव, आशच्या दिवशी कुराण वाचून झाल्यावर दुवा दोन नावांनी अर्पण करायची. ते विचारतील दुसरं नाव कोणाचं. ते तू सांगायचंस. चार गावांसमोर, मोठ्याने. मी सांगणार नाही.

आम्ही सोमवारी निघतो. जूमार्तने मागच्या तीन सीट काढल्यात, दगड गालिच्यांत गुंडाळून उभा ठेवू. मी त्याला धरून बसणार आहे. खड्डा खणून ठेवा, मीटरभर खोल. वाळू चाळून घ्या, खडे नकोत.

एक राहिलं. लिहू की नको विचार करत होतो, पण लपवणं पुरे झालं.

फोटो ऑगस्टमधला. मी ऑक्टोबरात झालो. ते वाचल्यावर मी परत दगडाकडे गेलो आणि आईच्या कोटाच्या बटणांकडे बघितलं. खालची तीन लागतच नाहीत. म्हणजे मी आहे दगडावर, एजे. जिवंत माणूस दगडावर गेलाच. स्तेपान इल्यिचला दाखवलं. तो थुंकला नाही, लाकडालाही हात लावला नाही, नुसता चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "काढायचा का?"

एसेनला मी एकदा काढला होता, बोटाबोटाने, नीट, रेघ मारून. मला काढायला रेघ मारायची कुठून? सकाळपासून शोधतोय. माझी कड आईच्या आत आहे. मला नाहीसं करायचं तर तिलाच कापावं लागेल.

राहू दे म्हटलं.

तोक्तोसुन